डावा कान

माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या तपासनिसाने भरलेल्या गाडीतून बारा नारळ वेचले. वरवरचे नाही, पोत्यांत खांद्यापर्यंत हात खुपसून थेट तळचे. ते वखारीच्या फरशीवर ओळीने मांडून त्याने कोयता मागितला.

मावशी पाटावरून उठून उभी राहिली.

वखारीत नारळ पारखायचं काम तिचं. डाव्या तळहातावर नारळ घ्यायचा, उजव्या हातातल्या लाकडी दांड्याने टकटक करायचं. खणखणीत वाजला तर टोपलीत, बद्द वाजला तर बाजूला. तीस वर्षांत तिच्या कानाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. पण गेल्या आठ दिवसांपासून उजवा कान ठार बंद होता, आणि एकट्या डाव्याला खणखणीत आणि बद्द यांतला फरक नीट उमगत नव्हता. हे तिने कुणालाच सांगितलं नाही. मग पारखायचं कसं? तर तळहाताने. चांगला नारळ ठोकल्यावर हातात थरथरतो, नासका मढ्यासारखा गप्प राहतो, असं आपलं तिने मनाशी ठरवून टाकलं आणि दोन हजार नारळ त्या भरवशावर गाडीत चढवले.

बारांत एक जरी नासका निघाला, तरी अख्खी गाडी नापास. वखारीच्या शेठच्या खिशात नारळ पारखणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीचा कागद घडी करून ठेवलेला होता. गाडी नापास झाली की तो बाहेर निघणार आणि मावशी घरी बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पहिला फुटला. पांढराशुभ्र. दुसरा, तिसरा, तसेच. नवव्याला मावशीने डोळे मिटले ते बाराव्यालाच उघडले.

बारावा फोडून तपासनिसाने नाकाशी नेला. वास घेतला. पुन्हा घेतला. मग खोबऱ्याचा तुकडा काढून तोंडात टाकला.

"जाऊ द्या गाडी," तो चावता चावता म्हणाला.

शेठ हसला, मावशीकडे बघून मान डोलावली आणि गाडीमागे फाटकापर्यंत गेला. मावशी धपकन पाटावर बसली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. पदराने तोंड पुसताना हसू येतंय की रडू, तेच तिला कळेना.

तिची सून टोपल्यांतले नारळ पोत्यांत भरायची. ती उजवीकडे बसून काहीतरी बोलत होती. मावशीला फक्त तिचे हलणारे ओठ दिसले.

सून उठून समोर आली. "आई, कान कधीपासून बंद आहे?"

"कुणी सांगितलं तुला?"

"ही गाडी भरायला घेतली त्या मंगळवारी तीन हाका मारल्या. तुम्ही ढिम्म. तेव्हापासून तुमचा एकेक नारळ पोत्यात टाकायच्या आधी मी पुन्हा वाजवून घेतला."

"माझ्या शेजारी बसून?"

"तुमच्या उजव्या कानामागे, हातभर अंतरावर. सगळेच्या सगळे."

मावशीला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग सुनेला जवळ घ्यावंसं वाटलं. पण विचारलं तिने भलतंच. "किती काढलेस?"

सुनेने पोत्याआडून दोन नारळ आणले. मावशीने कोयता घेऊन पहिला फोडला. आत काळं पाणी. दोघींनीही नाक दाबलं. दुसरा फोडला. आत स्वच्छ, गोड पाणी, बोटभर जाड खोबरं.

"हा तू उगाच काढलास," मावशी म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "एक मी चुकले, एक तू."

"दोन हजारांत!" सून हसली. "पण उद्या डॉक्टरांकडे जायचं. शेठला काय सांगायचं ते मी बघते."

दोघींनी मिळून पाणी प्यायलं. बाहेर नारळांची पुढची गाडी येऊन लागली होती. मावशीने पाट उचलला आणि सुनेच्या पलीकडे, डावा कान तिच्याकडे येईल असा मांडला.

"हं," ती नारळ हातात घेत म्हणाली, "आता मार हाका."