लख्ख आवाज

त्या जुन्या सिनेमाच्या नव्या डिस्कचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवलेली माहिती, जुन्या डिस्कच्या दुप्पट होता, चित्राचाही आणि आवाजाचाही. नुसते आकडे पाहूनच त्सुरुओकांनी सकाळी जुनी डिस्क नाकानो भागातल्या सेकंडहँड दुकानात विकून टाकली होती. आता ते एकच प्रसंग पुन्हा पुन्हा मागे नेत होते. रिकाम्या धक्क्यावर नायिका बोटीची वाट पाहतेय, कुणीच बोलत नाही.

"बाबा, किती वेळा तेच तेच!" आईच्या फोटोपुढे ताज्या भाताची वाटी ठेवता ठेवता मिओ वैतागली. "नवीन डिस्क खराब निघाली का?"

"खराब कसली! लख्ख आहे. कुठे जरासुद्धा खरखर नाही."

"मग जीव एवढा खालीवर का होतोय?"

त्यांनी आवाज आणखी वाढवला. स्पीकरमधून नुसती शांतता आली. ते उठले आणि कोट अंगात अडकवू लागले.

"दुकानात जाऊन येतो. जुनी डिस्क कुणी नेली नसली म्हणजे मिळवलं."

"अहो, पण का?"

"त्या धक्क्यावर तुझी आई कॅमेऱ्यामागे माइक धरून उभी होती. इथे तिला खोकला आला होता. नवी डिस्क काढणाऱ्यांनी तो साफ पुसून टाकलाय."