एक पायरी खाली

आईनं आपल्याला ‘बी’ दिलाय हे मुलीला कळलं, तेव्हा आई जाऊन सत्तावीस दिवस झाले होते.

शाळेनं अर्जाचे कागद तपासायला दिले, त्यात गणितापुढे ‘बी’ ग्रेड होता आणि खाली गणिताच्या बाई म्हणून आईची सही. मुलगी तशीच बापाच्या चष्म्याच्या दुकानात आली. काउंटरवर कागद ठेवून म्हणाली, "बघा बाबा, आईनं माझ्यासाठी काय ठेवलंय."

अर्ध्या तासात चष्मेवाला शाळेत होता. मुलगी मुख्याध्यापिकेच्या खोलीबाहेर बाकावर बसली. साडेतीन वाजले होते. अमेरिकेतल्या विद्यापीठाचा अर्ज पाचला बंद होणार होता.

"आधी पाणी घ्या, भाऊजी." मुख्याध्यापिका आणि त्याची बायको एकाच वर्षी शाळेत लागल्या होत्या. "आपल्या मुलांची ब्रिटिश बोर्डाची परीक्षा मे महिन्यात. तिकडची मोठी विद्यापीठं तोवर थांबत नाहीत. म्हणून मेमध्ये कुणाला काय पडेल, ते शिक्षकानं आधीच लिहून द्यायचं. तिकडे तेच खरं धरतात. ‘बी’ दिसला की कागद बाजूला."

"बदलता येत नाही?"

"जिनं दिला तिला येतो."

चष्मेवाला सगळं पाणी प्यायला.

मुख्याध्यापिकेनं वही उघडली. "सहा चाचण्या झाल्या. सहाही ‘ए’. आणि तिला तर मुलं तराजू म्हणायची. अर्धा मार्क वाढवून मागायला गेलं, की पाव कापून परत पाठवायची. मग हा ‘बी’ आला कुठून? तुम्हाला काही बोलली होती?"

"चष्मा द्या तुमचा," तो म्हणाला. "डावीकडे कलंडलाय."

तिनं दिला. त्यानं खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला आणि काडीचा स्क्रू पिळायला घेतला.

बोलली होती. ताटं पुसता पुसता. "मीच बाई आणि मीच आई. ‘ए’ दिला तर म्हणतील, घरचंच दुकान आहे." तो पेपर वाचत होता. मान वर न करताच म्हणाला, "एक पायरी खाली दे. मग कोण बोट दाखवतंय?" "आणि पोरीचं काय?" "अंदाजच ना तो? परीक्षेत काढेल की." ती थोडा वेळ तेच ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "बरं. तारखेच्या आधी बघते पुन्हा."

ती तारीख आज होती.

"भाऊजी, मला चष्म्याशिवाय तुमचं तोंड दिसत नाही," मुख्याध्यापिका म्हणाली. "पण काहीतरी आहे. स्वतःची मुलगी म्हणून तिनं हात आखडला, असंच ना?"

त्यानं दुसऱ्या काडीचा स्क्रू पिळायला घेतला.

तिनं एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. "तेवढ्या दोन ओळी लिहून द्या. चाचण्या जोडते आणि आत्ता ‘ए’ करते."

त्यानं चष्मा परत दिला आणि पेन उचललं. टोपण काढलं.

"एक सांगून ठेवते," चष्मा घालत ती म्हणाली. "हा कागद फायलीत लागतो. बाईंनी एक ग्रेड खोटी दिली म्हटल्यावर बाकीच्या अकरा मुलांच्याही तपासाव्या लागतील मला. आठवडा जाईल. त्यातल्या चौघांचे अर्ज आजच जायचेत."

"त्यांच्या बरोबर आहेत. कुणालाही विचारा."

"मला माहितीये हो. पण विद्यापीठं तेच माझ्याकडून लिहून मागतील ना."

"आणि तिचं नाव?"

"नावाचं काय सांगू? तुम्हीच बघा."

चष्मेवाल्याच्या डोळ्यांसमोर त्या चौघांच्या आया आल्या. अंत्यविधीला चौघीही आल्या होत्या. एकीनं तर त्याच्या हातात आपल्या मुलाची गणिताची वही दिली होती, आतल्या लाल खुणा बघायला.

दार वाजलं. मुलगी आत आली, पण बसली नाही.

"झालं का, बाबा? चार वाजून गेले."

"थांब जरा."

"मॅडम, चाचण्या सोप्या होत्या का?"

"नाही गं."

"मग असं कसं?" ती बापाकडे बघत होती. "आई मार्कात कधी चुकली नाही. म्हणजे मी ‘बी’चीच. तिला माझ्यातलं काहीतरी दिसलं असणार. मलाच दिसत नव्हतं."

मुख्याध्यापिकेनं चष्मेवाल्याकडे पाहिलं. पेन त्याच्या हातात होतं. कागदावर टोक टेकलं होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"बाबा?"

"चष्मा नीट बसला का?" त्यानं मुख्याध्यापिकेला विचारलं.

"बसला," ती म्हणाली. "आता सगळं दिसतंय."

मुलगी वाट बघून कंटाळली. "जाऊ द्या. आहे तसा पाठवा, मॅडम. आईनं दिलाय तो."

पाचला दहा मिनिटं असताना अर्ज गेला. बाकीच्या चौघांचेही गेले.

चष्मेवाल्यानं ठिपक्याचा कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. बसस्टॉपवर मुलगी त्याला चिकटून उभी राहिली, आई गेल्यापासून राहायची तशी. बस आली. दोघं चढली. उतरायचं ठिकाण आलं, तेही गेलं. मग पुढच्या स्टॉपवर उतरून दोघं मागं चालत आली.

मुलीला सांगायचं राहिलं आहे.