थांब्यावरचा गणपती

रिकाम्या बसथांब्यात लोक गुटखा थुंकायचे म्हणून चतुराबाईंनीच गणपतीचा फोटो लावला होता. थुंकणं थांबलं, हार आले, घंटाही आली. मग शहर बस सुरू झाली, पण थांबेना. एमआयडीसीतल्या बियाणे कंपनीत पायी जाताना गुडघे बोलायचे, कामाचे खाडे पडायचे. त्यांनी बातमीदार सुरुचीला गाठलं. ती ड्रायव्हरला विचारून आली आणि हसू दाबत म्हणाली, "मावशी, तो म्हणतो, 'तिथं थांबा न्हाई, देऊळ हाय. बाया दर्शनाला उभ्या राह्यतेत.' रोज हात जोडून जातो बिचारा!" चतुराबाईंना हसू आलं नाही. बसलेला देव हलवायचा कसा? दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. उपाशीपोटीच त्यांनी फोटो उतरवला, पदरात घेतला आणि गाडीला हात केला. बस थांबली. "मावशी, इथलं देऊळ कुठं गेलं?" कंडक्टरनं विचारलं. "कामाला चाललंय माझ्यासंगं. तिकीट एकच फाड."