साडेबाराची यादी

“आता शेवटचा प्रश्न,” कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. “नेतृत्व म्हणजे तुमच्या मते काय?”

ताईंनी उत्तराऐवजी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. कोपऱ्यात यंत्रापाशी बसलेल्या मामांनी ते पाहिलं. नऊ वर्षं या बाईबरोबर काम केल्यावर ती नजर घड्याळाकडे गेली की पुढे काय होणार, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

हे रेडिओ केंद्र म्हणजे एकच खोली. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या. वाचायला ताई, तारा जोडायला मामा. विकसनशील देशांतल्या पत्रकारांसाठीच्या माध्यम आणि नेतृत्व फेलोशिपला ताईंनी तिसऱ्यांदा अर्ज केला होता. जगभरातून बारा जण घेतात, सहा महिने परदेशात शिकवतात. या खेपेला कुठे घोडं मुलाखतीपर्यंत पोचलं होतं, आणि पुन्हा अर्ज करायची सोय नव्हती. अट चाळिशीच्या आतली आणि ताईंना पुढच्या महिन्यात चाळीस पूर्ण होणार. त्यांच्यापेक्षा मामांचाच जीव जास्त टांगणीला लागला होता.

मुलाखत खरं तर अकराला ठरली होती. पण राजधानीत बसलेल्या तिघा परीक्षकांनी आधीच्या उमेदवारांना बोलू दिलं ते दिलंच, आणि ताईंचा नंबर लागला बाराला. साडेबाराला ताईंची यादी असते. आज डॉक्टर कोणत्या दवाखान्यात बसणार, साप चावल्यावरचं इंजेक्शन कुठे शिल्लक आहे, बाळांची लस कुठे आली आहे. एक वाजता वस्त्यांमधून जीप निघतात. त्या वर खाणीकडे न्यायच्या की खाली नदीकडे, हे लोक यादी ऐकून ठरवतात. आरोग्य खात्याचा फोनच मुळी सव्वाबाराला येतो, त्यामुळे आधी बोलून साठवून ठेवायचीही सोय नाही. आजचा फोन मामांनी कुजबुजत घेतला होता आणि यादी उतरवून ताईंच्या कोपराशी सरकवली होती.

आता त्यांनी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत ‘मी वाचतो’ असं लिहिलं आणि तो पुठ्ठा उंच धरला. ताईंनी नकारार्थी मान हलवली. मामांनी यादी आजवर एकदाच वाचली होती. घाईत दोन ओळींची एक झाली आणि एक म्हातारबा तापाने फणफणलेल्या नातीला घेऊन दुपारभर बंद दवाखान्यापुढे बसून राहिले. त्या दिवसापासून ताई यादी दोनदा वाचतात, आणि स्वतःच वाचतात.

“मॅडम, मला दहा मिनिटं द्या,” ताई म्हणाल्या. “साडेबाराला बातमीपत्र आहे.”

“मुलाखतीत मध्यंतर नसतं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पुढचे उमेदवार थांबलेत.”

“माझेही थांबलेत, मॅडम.”

एवढं बोलून ताईंनी खुर्ची दुसऱ्या माइककडे वळवली आणि मामांना आवाज बंद करायची खूण केली. मामांना त्यांचा असा राग आला की विचारू नका, आणि अभिमान तर त्याहून जास्त वाटला. घाईघाईने त्यांनी बटण दाबलं, लाल दिवा लावला.

“पेन्सिल घ्या,” ताई म्हणाल्या आणि थांबल्या. रोज थांबतात. मनातल्या मनात दहापर्यंत मोजतात, तेवढ्यात कुठे कुठे हातातलं काम टाकून कुणी कुणी पेन्सिल शोधत असतं.

“खाणीजवळचा दवाखाना. डॉक्टर आहेत, पाचपर्यंत. साप चावल्यावरचं इंजेक्शन आहे. पुलाजवळचा दवाखाना. डॉक्टर नाहीत. नर्सबाई आहेत, बाळांची लस आहे. नदीपलीकडचा दवाखाना. डॉक्टर आहेत, पण साप चावल्यावरचं इंजेक्शन संपलंय. त्यासाठी खाणीजवळ जायचं.”

मुलाखतीत दोनदा अडखळलेला हाच आवाज. आता तो प्रत्येक शब्द ऐकणाऱ्याच्या हातात ठेवून मगच पुढे जात होता. मामा रोज ऐकत आणि रोज त्यांना तेवढंच बरं वाटे.

मग त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं आणि आपली चूक ध्यानात आली. घाईत त्यांनी परीक्षकांचा आवाज इकडे यायचा बंद केला होता. इकडचा तिकडे जायचा तसाच चालू होता. यादीतला शब्दन् शब्द राजधानीत ऐकू जात होता. आता उठावं तर स्टूल कुरकुरणार आणि ती कुरकुर चाळीस वस्त्यांना ऐकू जाणार. मामा जागच्या जागी चोरासारखे बसून राहिले. पडद्यावर तिन्ही माना खाली गेल्या होत्या. मारली काट नावावर, मामांच्या मनात आलं.

ताईंनी यादी दुसऱ्यांदा वाचली, पहिल्या वेळेइतकीच सावकाश. लाल दिवा विझला. मामांनी परीक्षकांचा आवाज पुन्हा चालू केला आणि नजर जमिनीला लावली.

“माफ करा,” ताई पडद्याकडे वळून म्हणाल्या. “तुम्ही नेतृत्वाबद्दल विचारलं होतंत.”

कुणी मान वर केली नाही. कडेचे परीक्षक अजून काहीतरी लिहीत होते. अध्यक्षबाईंनी हातातली पेन्सिल तेवढी उंचावली, थांबा म्हणून.

“एक मिनिट हं,” त्या म्हणाल्या. “दोनदा वाचलंत ते बरं केलंत. नदीपलीकडचा दवाखाना माझा लिहायचा राहिला होता.”