कावळ्यांनी पाडलेली भोकं

पूर्वी गुरांच्या हिवाळी चाऱ्यासाठी मुरघास करायला दहा माणसं यायची आणि त्यांना बटाटे नि डुकराचं खारं मांस वाढता वाढता नोराचे हात दुखायचे. आता फर्गल एकटाच यंत्र घेऊन येतो, हिरवं गवत गठ्ठ्यांत बांधतो, काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतो आणि जेवायलाही न थांबता निघून जातो.

नोव्हेंबरात नोराचा तिसरा फोन आला. "कावळ्यांनी पुन्हा गठ्ठ्याला भोक पाडलं रे. हवा शिरली तर सगळा बुरशीनं जाईल."

फर्गल चिकटपट्टी घेऊन आला. "तुमचे कावळे मोठे शिस्तीचे, नोराबाई. दर गुरुवारी एकच भोक."

"आपल्या लेट्रिम परगण्याचेच आहेत. कामापुरतंच करतात."

त्यानं प्लॅस्टिक पुसलं. कावळ्याची चोच फाडून ठेवते. हे भोक विणायच्या सुईएवढं, गोल गरगरीत होतं. त्यानं पट्टी दाबून बसवली.

आत चहा तयारच होता. पाव कापलेला, समोरासमोर दोन कप मांडलेले. तो तिसरा तुकडा खाईपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसली.

"पट्टी इथंच ठेवून जाऊ का? दोन मिनिटांचं तर काम. तुम्हालाही जमेल."

किटलीवरचा तिचा हात थांबला. "थंडीत माझी बोटं आखडतात," ती हळूच म्हणाली.

फर्गलनं कप पुढे सरकवला, तिनं पुन्हा भरावा म्हणून.

"बरं, नको. पण त्या कावळ्यांना सांगा, गठ्ठ्यांना हात लावू नका. गुरुवारी मी तसाही येतो."