नाव सांग, पोरी

"ज्वारी न्हाय, शाळू म्हणायचं," गोजरबाईंनी लेकीच्या अंबाड्यात आकडा खोचत बजावलं. "भावंडं किती इचारलं तर चार न्हाय. तीनावर एक म्हण."

"तीनावल एक," राजा म्हणाली.

गोजरबाईंनी कपाळाला हात लावला.

राजाच्या जिभेला 'र' वळत नव्हता. बार्शीच्या पाहुण्यांनी नाव विचारलं तेव्हा ती "लाजा" म्हणाली, आणि ती मंडळी टांग्यात बसेपर्यंत हसत होती. त्यानंतरच्या पाहुण्यांनी तर निरोपही धाडला नाही. आता केम गावचं स्थळ आलं होतं. हेही मोडलं, तर पोरीला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

"आन् नावाचं काय, आये?"

"ते मी बघती."

मिलचा दुपारचा भोंगा झाला आणि टांगा चाळीपुढं थांबला. मुलाची आई बजाबाई आणि त्यांचे दीर आण्णा उतरले. बोलायचं काम आण्णांकडे होतं. बजाबाई चिमटीनं मीठ टाकावं तसे शब्द टाकत.

"तुमचा ज्ञानबा कुटं असतो म्हणालात?" गोजरबाईंनी विचारलं.

"होटगीला."

"रेल्वेत हाय की! रुळावर," आण्णांनी पुरं केलं.

गोजरबाईंनी बजाबाईंकडे निरखून पाहिलं. अशी कमी बोलणारी बाई दुसऱ्याचं बोलणं फार नीट ऐकते.

ताटं वाढून राजा समोर बसली. बजाबाईंनी भाकरीकडे बोट केलं. "ही कशाची?"

"शाळूची."

"चटणी?"

"शेंगांची. मीच कुटली."

"झोंबती," बजाबाई म्हणाल्या आणि आणखी घेतली.

आण्णांनी मिशा पुसल्या. "आता नाव सांग, पोरी."

"राजाबाई," गोजरबाई घाईनं म्हणाल्या.

"पोरीनंच सांगायचं असतंय, वैनी. मुकी न्हाय, ते कळाया नको?"

राजानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

बजाबाईंनी ताट बाजूला सारलं. "भावजी, लगनात नाव बदलायचंच की. मायाक्का ठिवायचं. म्हण गं."

"मायाक्का," राजा म्हणाली. अगदी स्वच्छ.

"न्हाय मुकी!" आण्णा हसले. त्यांनी तिथल्या तिथं सुपारी फोडली आणि टांगेवाल्याला हाक मारायला बाहेर गेले.

गोजरबाईंनी मनातल्या मनात देवाला नारळ बोलला. लेकीच्या हाती कुंकवाचं ताट दिलं आणि डोळ्यांनीच दटावलं: गप्प ऱ्हा.

राजा पाहुणीपुढं वाकली. तिचं बोट बजाबाईंच्या कपाळाशी जाऊन थांबलं.

"आत्या, फसवून यायचं न्हाय मला. माजं नाव लाजा. मायाक्का ठिवलं, तलीबी मी लाजाच."

गोजरबाईंनी मागून लेकीचा पदर ओढला. सुपारी फुटली होती, पण फुटलेल्या सुपाऱ्याही लोक परत धाडतात.

बजाबाईंनी दाराकडे पाहिलं. आण्णा दूर टांग्यापाशी होते. मग त्यांनी राजाचं कुंकवाचं बोट धरून आपल्याच हातानं स्वतःच्या कपाळाला टेकवलं.

"भिऊ नगंस, पोली," त्या हळूच म्हणाल्या. "म्हायेली माजं नाव लखमा हुतं."