वीतभर अंतरावरून

"आ करा. अजून मोठा. एवढंसं तोंड उघडून माणसं जेवतात तरी कशी, देव जाणे," दातांची डॉक्टरीण म्हणाली आणि तिने वरचा दिवा मास्तरांच्या तोंडावर वळवला.

मास्तर गाडी चालवायला शिकवत. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखालच्या जास्तीच्या ब्रेकवर पाय ठेवायचा आणि त्याचा, रस्त्यावरच्यांचा, जमलं तर स्वतःचाही जीव वाचवायचा, हा त्यांचा धंदा. आता खुर्ची मागे कलंडली तसा त्यांचा उजवा पाय आपोआप तो ब्रेक शोधू लागला.

छोटा आरसा दाढांमागून फिरून आला. डॉक्टरणीने प्लॅस्टिकच्या चमच्याने जीभ पार मागपर्यंत खरवडली, मास्क खाली केला आणि चमचा हुंगला. पुन्हा हुंगला. मग हातमोजे काढले.

"काही नाही हो. दात स्वच्छ, हिरड्या घट्ट, जिभेवर नावाला थर नाही. माझ्या बाकीच्या पेशंटना दाखवायला न्यावं असं तोंड आहे. वास येतो म्हणून कोण म्हणालं?"

"घरी म्हणतात," मास्तर म्हणाले.

खरं तर आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. मागे एकदा ते जवळ सरकले तेव्हा बायको मान फिरवून म्हणाली होती, "वास येतो तुमच्या तोंडाला." झालं, तेव्हापासून कांदा-लसूण बंद. चहा अर्ध्यावर. दातांच्या फटींतून दोरा, गालात लवंग, आणि जीभ घासून घासून अशी केली की कोमट पाणीही झोंबायचं. मान मात्र फिरलेलीच राहिली. तरी वास आहे म्हटल्यावर हाताला काम होतं, कधीतरी तो जाईल अशी आशा होती. वासच नसेल तर मग काय, हे त्यांनी स्वतःला विचारलंच नव्हतं.

"नीट बघा ना डॉक्टर. एखादी कीड तरी असेल. अक्कलदाढेमागे वगैरे."

"आता कीड काय मी घरून आणून घालू?" डॉक्टरीण हसली. "दिवसभर बंद गाडीत तुमच्या शेजारी कोणीतरी असतं ना? त्यांनी कधी काच खाली केली?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. शिकाऊ मंडळी घामाघूम व्हायची, रडकुंडीला यायची, एकीने तर स्टिअरिंग सोडून त्यांचाच हात धरला होता. काच कोणी खाली केली नव्हती.

"तरीपण खात्री करू. आपला वास आपल्याला येत नाही, नाक सरावतं. अशा वेळी घरच्या माणसाचं नाक खरं. बाहेर बसल्यात त्या तुमच्या मिसेस ना?"

"नको, राहू दे," मास्तर म्हणाले, पण तोवर तिने दार उघडून हाक मारलीसुद्धा होती.

बायको पर्स छातीशी धरून आत आली. डॉक्टरणीने तिला खुर्चीपाशी उभं केलं.

"वीतभर अंतरावर या. हे तोंडाने श्वास सोडतील, तुम्ही नाकाने घ्या, आणि खरं काय ते सांगा. लाजताय काय? मी भिंतीकडे बघते हवं तर."

ती वाकली. इतक्या जवळून तिचा चेहरा मास्तरांनी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. कपाळावरची एक बारीक आठी त्यांच्या ओळखीची नव्हती. मागे खुर्ची, पुढे ती, डोक्यावर दिवा, हलायला जागाच नव्हती. त्यांनी अगदी हळू श्वास सोडला आणि तिच्याकडे पाहत राहिले.

तिच्या नाकपुड्या हलल्या नाहीत. ओठ मिटलेले, मानेची शीर ताठ. पाण्यात बुडी मारताना माणूस धरतो तसा तिने श्वास धरला होता. वाकण्याच्याही आधीपासून धरला होता.

मास्तरांच्या उजव्या पायाने खुर्चीची पाय टेकायची पट्टी करकचून दाबली.

"येतो," ती सरळ होत म्हणाली.

"कमाल आहे. मला तर नाही आला. पुन्हा एकदा बघा बरं."

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, किळस तर नव्हतीच. चढावर गाडी बंद पडून मागे घसरायला लागली की शिकाऊ माणूस त्यांच्याकडे बघतो, तशी ती बघत होती.

"येतो, डॉक्टर," मास्तर म्हणाले. "मलाही येतो. तुम्ही आपलं काहीतरी लिहून द्या."

डॉक्टरीण दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने गुळण्यांच्या औषधाचं नाव खरडून दिलं.

जिना उतरल्यावर समोरच औषधांचं दुकान होतं. दोघं काउंटरपाशी उभे राहिले, मध्ये तिची पर्स.

"नियमाने करा हं गुळण्या," ती म्हणाली. "कंटाळा नका करू." हे तिने मायेने म्हटलं, अगदी मनापासून, आणि तेच मास्तरांना सोसवेना.

दुकानदाराने दोन बाटल्या पुढ्यात ठेवल्या.

"छोटी देऊ की मोठी?"

"मोठी," दोघं एकदम म्हणाले.